महाविद्यालयीन खेळाडूंना मोबदला द्यावा काय?

बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी सरली की गावोगावच्या चौकांत ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि बालाघाटच्या डोंगररांगांतील अनेक वाड्या-वस्त्यांवर वृद्ध माणसे व लहान मुलेच तेवढी मागे राहतात. तोडीचा हा हंगाम साधारणपणे गुढीपाडव्याच्या सुमारापर्यंत चालतो. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या आंतरविद्यापीठ स्पर्धा यांचे दिवसही बहुतांशी हेच असतात. महाविद्यालयात शिकणारा, अंगात बळ असलेला आणि मैदानावर चमकणारा मुलगा याच काळात फडातही हवा असतो. घरच्या उचलीची फेड करायची की महाविद्यालयाच्या संघातून खेळायचे, असा पेच त्याच्यापुढे आणि त्याच्या आईवडिलांपुढे उभा राहतो.

महाविद्यालयीन खेळाडूंना खेळण्याबद्दल पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न गेली काही वर्षे जगात मोठ्या हिरिरीने चर्चिला जात आहे. या चर्चेचे केंद्र अमेरिका आहे आणि तेथे ती कोट्यवधी डॉलरांच्या भाषेत चालते. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातून पाहिले असता मात्र प्रश्नाचे रूप निराळे दिसते. येथे विद्यार्थ्याच्या खेळावर कोणी नफा मिळवीत नाही. म्हणून नफ्यातील वाट्याचा प्रश्नही येथे उद्भवत नाही. येथे प्रश्न आहे तो खेळामुळे बुडणाऱ्या मजुरीचा आणि सरावासाठी लागणाऱ्या खुराकाचा.

हौशीपणाच्या कल्पनेचा उगम

विद्यार्थ्याने खेळासाठी पैसा घेऊ नये, ही कल्पना आज नैसर्गिक वाटत असली तरी तिचा उगम एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये आहे. हौशी खेळाडू म्हणजे केवळ आवडीखातर खेळणारा, अशी तिची व्याख्या सांगितली जात असे. प्रत्यक्षात तिचा अर्थ बराच संकुचित होता. १८७९ मध्ये हेन्ली येथील प्रसिद्ध नौकास्पर्धेच्या नियमांनी कारागीर आणि मजूर यांना हौशी मानण्याचेच नाकारले. ज्याला पोटासाठी हात चालवावे लागतात, तो हौशी असू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ होता.

पुढे १८९५ मध्ये इंग्लंडच्या उत्तर भागातील रग्बी संघ मूळ संघटनेतून बाहेर पडले. या संघांतील अनेक खेळाडू खाणींत आणि गिरण्यांत काम करणारे होते. शनिवारी सामना खेळला की त्या दिवसाची मजुरी बुडत असे. ती भरून मिळावी एवढीच त्यांची मागणी होती. ती नाकारली गेली आणि त्यातूनच रग्बीचा स्वतंत्र व्यावसायिक प्रकार जन्मास आला.

अमेरिकेचा जिम थॉर्प याची कहाणी तर सर्वश्रुत आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली. अमेरिकेच्या आदिवासी समाजातील हा तरुण शिक्षण घेत असताना सुट्टीत किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळला होता, एवढ्या कारणावरून १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेण्यात आली. त्या काळी अनेक विद्यार्थी असेच खेळत. मात्र ते खोटी नावे लावीत आणि थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९८२ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी, ही पदके परत देण्याचा निर्णय घेतला. १९७४ मध्ये याच समितीने खेळाडूस बुडालेल्या वेतनाची भरपाई घेण्याची मुभा दिली होती. हौशीपणाच्या नियमाचा भार गरीब खेळाडूवरच अधिक पडतो, हे समजण्यास जगाला पाऊण शतक लागले.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल आणि बास्केटबॉल यांचे सामने लाखो लोक पाहतात. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मोठे उत्पन्न येते आणि प्रशिक्षकांना गलेलठ्ठ वेतन मिळते. खेळाडूस मात्र दीर्घकाळ शिष्यवृत्तीपलीकडे काही घेता येत नसे. ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही संज्ञा तेथे १९५० च्या दशकात रूढ झाली, आणि तिचा उपयोग खेळाडू हा कर्मचारी नव्हे असे ठरविण्यासाठी करण्यात आला. १९५५ मध्ये कोलोरॅडो राज्यातील एका महाविद्यालयाचा खेळाडू सामन्यात झालेल्या इजेमुळे मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली.

पुढे वारे फिरले. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवर संघटनेने घातलेली बंधने एकमताने अवैध ठरविली. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व छबीच्या वापराबद्दल जाहिरातदारांकडून पैसे घेण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या तडजोडीनुसार महाविद्यालये स्वतः खेळाडूंना उत्पन्नातील वाटा देऊ लागली. २०२५-२६ या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक महाविद्यालयास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर एवढी होती.

या अनुभवापासून दोन बोध घेण्यासारखे आहेत. मोबदला दिल्याने महाविद्यालयीन खेळ संपुष्टात येतो, ही भीती तेथे खरी ठरलेली नाही. मात्र जेथे वाटा उत्पन्नातून दिला जातो तेथे तो प्रामुख्याने लोकप्रिय खेळांकडेच वाहतो, हेही तितकेच खरे आहे. खो-खो, मैदानी शर्यती किंवा कुस्ती यांची तिकिटे महाविद्यालयात कोणी विकत घेत नाही. उत्पन्नावर आधारलेली पद्धत बीडमध्ये आणली तर वाटण्यास काहीच नसेल.

आपल्याकडील परंपरा

महाराष्ट्राच्या क्रीडापरंपरेत पैसा कधीच विटाळ मानला गेलेला नाही. गावच्या यात्रेतील कुस्त्यांचा फड लहान मुलांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरू होतो आणि मोठ्या इनामाच्या कुस्तीने त्याची सांगता होते. होतकरू पैलवानास गावाने दूध, तूप आणि बदाम पुरविणे हा दानधर्म समजला जात नसे. तो गावाच्या अब्रूचा खर्च होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात पैलवानांना दिलेला आश्रय याच परंपरेचे थोर उदाहरण होय. राज्य शासनाने मान्यवर पैलवानांना मासिक मानधन देण्याची प्रथा ठेवली, ती याच विचाराला धरून आहे.

महाविद्यालयाचा आणि खेळाडूचा संबंध किती जिव्हाळ्याचा असू शकतो, हे खाशाबा जाधव यांच्या चरित्रात दिसते. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी जाण्यास पैसे अपुरे पडले, तेव्हा त्या महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या वर्षी २३ जुलै रोजी खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून हे कर्ज फेडले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला. या घटनेचे स्मरण अभिमानाने केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु एका प्राचार्यांना घर गहाण ठेवावे लागले, याचा अर्थ व्यवस्था म्हणून त्या वेळी काहीच नव्हते असा होतो. प्रत्येक महाविद्यालयास खर्डेकर लाभतीलच असे नाही. जेथे ते नसतील तेथे व्यवस्था असावी लागते.

बीड जिल्ह्याची उदाहरणे

आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचे अविनाश साबळे यांचे उदाहरण या संदर्भात मनन करण्यासारखे आहे. शेतकरी कुटुंबातील या मुलास शाळेसाठी सुमारे सहा किलोमीटर अंतर पायी तोडावे लागे. बारावी उत्तीर्ण झाल्यावर ते भारतीय सेनेच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि सियाचीन, राजस्थानचे वाळवंट व सिक्कीम येथे त्यांनी सेवा केली. त्यांच्या धावण्याच्या कारकीर्दीस खरा आरंभ झाला तो २०१५ नंतर, सेनेच्या क्रॉस कंट्री स्पर्धांतून. २०१८ मध्ये त्यांनी ३,००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीतील ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावले.

या वाटचालीतील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी पगार आला, मग धावणे आले. पाय तर शाळेच्या वाटेवरच तयार झाले होते; पण शिस्तबद्ध सराव, प्रशिक्षक, पुरेसा आहार आणि निश्चिंत मन या गोष्टी सेनेच्या नोकरीने दिल्या. सेनेत प्रवेश मिळाला नसता तर या पायांचे काय झाले असते, हा प्रश्न प्रत्येक क्रीडाशिक्षकाने स्वतःस विचारावा असा आहे.

पाटोद्याचे राहुल आवारे यांची कथा याहून थोडी वेगळी आहे. वडील स्वतः पैलवान असल्याने कुस्तीचे बाळकडू त्यांना घरीच मिळाले. पुढे ते पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार या वस्तादांच्या हाताखाली तयार झाले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक त्यांनी जिंकले. राज्य शासनाने त्यांना पोलीस उपअधीक्षकपदी नियुक्त केले. २०२५ च्या जानेवारीत दिल्ली येथे झालेली पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार प्रियंका इंगळे यांचे कुटुंबही मूळचे केज तालुक्यातील. मात्र त्यांचा खेळ घडला तो पुणे परिसरात. आवारे आणि इंगळे यांना घडविणारी मैदाने व तालमी जिल्ह्याबाहेर होत्या, हे जिल्ह्याने प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

मोबदला उशिरा मिळतो

आपल्याकडे खेळाडूस मोबदला मिळतच नाही, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. विहित स्पर्धांत प्रावीण्य मिळविणाऱ्यांना शासकीय सेवेत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाचे वाढीव गुण आहेत. पदकविजेत्यांना रोख पारितोषिके व थेट नियुक्त्या दिल्या जातात. केंद्राच्या ‘खेलो इंडिया’ योजनेत निवड झालेल्या खेळाडूस प्रशिक्षणाच्या खर्चाखेरीज दरमहा १०,००० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार रुपये, हातखर्चासाठी देण्याचे ठरविण्यात आले.

यांपैकी बहुतेक लाभ यश सिद्ध झाल्यानंतरचे आहेत. ‘खेलो इंडिया’चा लाभही राष्ट्रीय पातळीवर नजरेस आलेल्या निवडक खेळाडूंपुरता मर्यादित आहे. सतरा ते बावीस या वयात, जेव्हा शरीर घडत असते आणि घरची ओढाताणही सर्वाधिक असते, तेव्हा तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या खेळाडूच्या हाती जवळजवळ काहीच पडत नाही. पीक आल्यावर बक्षीस मिळते. पेरणीला मात्र बियाणे मिळत नाही. गळती होते ती याच टप्प्यावर.

ऊसतोडीचा हिशेब पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. तोडीसाठी पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. घरातील तरुण मुलगा बरोबर आला की कुटुंबाची मिळकत वाढते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल लवकर फिटते. तो गावी राहून संघातून खेळू लागला तर घराचे हे नुकसान दर महिन्याला होत राहते. पदकाची आशा दूरची असते. उचल मात्र दाराशी उभी असते. अशा स्थितीत मुलाला फडात नेणाऱ्या बापास खेळाची किंमत कळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी बिकट होतो. आईवडील सहा महिने बाहेरगावी असताना वयात आलेल्या मुलीला मागे ठेवणे कुटुंबास जोखमीचे वाटते आणि लवकर लग्न उरकण्याकडे कल होतो. ज्या मुलीला वसतिगृहात जागा आणि स्वतःच्या नावावर दरमहा काही रक्कम मिळते, तिचे शिक्षण आणि खेळ दोन्ही टिकण्याची शक्यता वाढते.

आक्षेप आणि त्यांचा विचार

मोबदल्याच्या कल्पनेवर घेतले जाणारे आक्षेप गंभीर आहेत. पहिला आक्षेप असा की महाविद्यालय हे विद्येचे ठिकाण आहे. तेथे खेळाची मजुरी सुरू झाली तर अभ्यास मागे पडेल. हे टाळावयाचे तर रक्कम वर्गातील उपस्थिती आणि परीक्षा यांच्याशी जोडली पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रुजविलेल्या ‘कमवा व शिका’ या तत्त्वाने शिक्षणाची हानी झाली नाही; उलट हजारो मुले शिकली. श्रम करून शिकणे जेथे प्रतिष्ठेचे मानले गेले, तेथे खेळून शिकणेही तसेच मानता येईल.

दुसरा आक्षेप गैरप्रकारांचा. पैसा आला की नावापुरता प्रवेश दिलेले उसने खेळाडू येतील, महाविद्यालये एकमेकांचे खेळाडू पळवतील, खोटी कागदपत्रे तयार होतील, अशी धास्ती व्यक्त होते. ती निराधार नाही. नोकरीतील आरक्षणासाठी बनावट क्रीडा प्रमाणपत्रे वापरल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आलेली आहेत. पण त्या प्रकरणांचे मूळ पाहावे. आयुष्याची नोकरी जेव्हा एका कागदावर ठरते, तेव्हा त्या कागदाची बनावट करण्याचा मोह होतो. दररोजच्या सरावाच्या हजेरीवर मिळणाऱ्या लहान रकमेसाठी एवढा उपद्व्याप करण्याचे कारण उरत नाही. मैदान सर्वांच्या डोळ्यांसमोर असते आणि कोण धावतो, कोण धावत नाही, हे गावाला ठाऊक असते.

तिसरा आक्षेप समानतेचा. खेळणाऱ्यास पैसे आणि नाटकात काम करणाऱ्यास किंवा केवळ अभ्यास करणाऱ्यास नाही, असे का? याचे उत्तर मोबदल्याच्या उद्देशात आहे. ही रक्कम गुणांचे बक्षीस म्हणून नव्हे, तर गरजेची भरपाई म्हणून द्यावयाची असेल, तर ती सधन घरच्या खेळाडूस देण्याचे कारण नाही. ज्याचा वेळ खेळामुळे जातो आणि ज्याच्या घरी त्या वेळेची किंमत मजुरीत मोजावी लागते, त्यालाच ती मिळावी.

मानधनाचे स्वरूप

या विवेचनावरून असे दिसते की महाविद्यालयीन खेळाडूस वेतन देण्याची आवश्यकता नाही. मानधन मात्र द्यावयास हवे. वेतन दिले की जिंकण्याची सक्ती येते आणि हरणाऱ्यास काढून टाकण्याचा अधिकारही येतो. मानधनात सरावाचा सन्मान असतो आणि हरण्याची मुभा असते. ते लहान, नियमित आणि खेळाडूच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होणारे असावे. सरावाची व वर्गाची हजेरी आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती हे त्याचे निकष असावेत. मुला-मुलींची संख्या त्यात समान असावी आणि खेळाच्या लोकप्रियतेवरून भेद करू नये.

खर्चाचा अंदाज उदाहरणादाखल मांडता येईल. एखाद्या महाविद्यालयाने २० गरजू खेळाडूंना दरमहा २,००० रुपये, आठ महिने दिले, तर वर्षाला ३ लाख २० हजार रुपये लागतील. ही रक्कम एकट्या महाविद्यालयाच्या क्रीडा शुल्कातून निघणे कठीण आहे. परंतु विद्यापीठ, जिल्हा नियोजन, साखर कारखाने आणि माजी विद्यार्थी यांचा हातभार लागला तर ती आवाक्याबाहेरची नाही. ज्या कारखान्यांचा ऊस बीडच्या माणसांनी तोडला, त्यांनी या जिल्ह्याच्या मुलांचा थोडा भार उचलणे हे औचित्यपूर्णच ठरेल.

मानधनाइतकीच महत्त्वाची बाब विम्याची. गुडघा निखळला किंवा खांदा मोडला तर गरीब खेळाडूची केवळ कारकीर्द संपत नाही. अंगमेहनतीची कामेही त्याला पुढे करता येत नाहीत. महाविद्यालयाच्या वतीने खेळणाऱ्या प्रत्येकाचा अपघात विमा असणे, हा उपकार नसून कर्तव्य आहे.

गावाने आणि शाळेने काय करावे

अशी योजना आकारास येईपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. तोडीस जाण्यापूर्वी, म्हणजे भाद्रपद-आश्विनातच, शाळा व महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षकांनी स्थलांतर करणाऱ्या घरांतील खेळाडूंची यादी करून त्यांच्या पालकांना भेटावे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेची माहिती त्यांना वेळेवर द्यावी आणि प्रवेशाचे अर्ज भरून घ्यावेत. ग्रामपंचायतीने धावण्यासाठी एक सपाट पट्टी राखावी. तिच्यावर उकिरडा होऊ देऊ नये. यात्रा समित्यांनी इनामाच्या रकमेतील काही भाग गावातील शिकत्या खेळाडूंच्या खुराकासाठी वर्षभर विभागून द्यावा. एका दिवसाच्या फडावर होणारा खर्च थोडा कमी झाला तरी यात्रेची शोभा उणावत नाही. तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांनी शिष्यवृत्त्या, वाढीव गुण आणि आरक्षण यांचे नियम सोप्या मराठीत प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लावावेत. कारण माहितीच्या अभावी लाभाची मुदत टळून जाण्याचे प्रसंग घडतात.

अविनाश साबळे टोकियो येथे, २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकमध्ये उतरले, तेव्हा पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये १९५२ नंतर प्रथमच एक भारतीय खेळाडू धावला. मधल्या काळात या देशात धावणारे पाय नव्हते, असे कोण म्हणेल? ते शाळेच्या वाटेवर होते, शेताच्या बांधावर होते आणि उसाच्या फडातही होते. त्यांना मैदानापर्यंत आणण्यासाठी जे थोडे द्यावयास हवे होते, ते वेळेवर दिले गेले नाही. या वर्षी दिवाळीनंतर टोळ्या निघतील तेव्हा प्रत्येक गावाने आपल्याकडचा एक मुलगा, एक मुलगी जरी मैदानावर थांबवून धरली, तरी त्या थोड्याचा आरंभ झाला असे म्हणता येईल.